रक्तवाहिन्यांची डागडुजी करणाऱ्या पेशी आणि नानांचा एमआरआय

भुसावळहून एका मुलाचा प्रश्न आहे. वडील (घरचे नाना) ७२ वर्षांचे, रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त. बरीच वर्षं शुगर, त्याच्याही आधीपासून बीपी. गेल्या वर्षभरात चाल मंदावली, साधा किराण्याचा हिशेब करायला वेळ लागतो, बोलणं कमी झालं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'फझेकस ग्रेड २, वयानुसार बदल' असं आलं. त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख आला की, रक्तवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या पेशी कमी झाल्या की म्हातारपणी मेंदू आकसतो. एका मोठ्या शहरातलं क्लिनिक अशा पेशी टोचून देतं, पॅकेज काही लाखांचं. त्यांचं विचारणं असं: या पेशींची तपासणी करावी का, इंजेक्शन द्यावं का, रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का, आणि हे पुढे मलाही होईल का?

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणं मागून. तपासणी करू नका. इंजेक्शन तर मुळीच देऊ नका, शेत विकून तर नाहीच नाही. गोळीचं पुढे सांगतो. मात्र त्या लेखातला गाभा खोटा नाही. या पेशी खरंच असतात, वय आणि शुगरने त्या खरंच कमी होतात, आणि मेंदूच्या तब्येतीशी त्यांचा संबंधही आहे. चूक पुढच्या उडीत आहे: कमी झाल्या ना, मग बाहेरून भरा!

रिपोर्टपासून सुरू करतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. आणि त्याच्याकडे साठा नसतो, पुरवठा चालूच लागतो. मेंदूच्या आत खोलवर जो पांढरा भाग आहे, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तारांचं जाळं, त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब आणि केसासारख्या बारीक असतात. एक बंद पडली तर शेजारच्या धमनीकडून मदत फारशी मिळत नाही. तुमच्याकडे केळीची बाग असेल किंवा रावेर-यावलला कुणाची पाहिली असेल तर हे लगेच कळेल. मोटार चालू, मेन लाइन ठीक, पण ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाकडचे ड्रिपर क्षाराने बुजले की बाग वाळत नाही, त्या टोकाची झाडं तेवढी पिवळी पडतात. नानांच्या एमआरआयवर दिसणारे पांढरे ठिपके हे त्या टोकाच्या झाडांसारखे आहेत. फझेकस ही ते मोजायची पट्टी आहे, ० ते ३. ग्रेड १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ते एकमेकांना भिडायला लागलेत, ३ म्हणजे मोठे पट्टे झालेत.

'वयानुसार बदल' हे वाचून बरेच लोक रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. सत्तरीत ग्रेड १ दिसणं फार सामान्य आहे, त्यावर मीही झोप उडू देत नाही. पण ग्रेड २, सोबत मंद चाल आणि जुनं बीपी-शुगर असेल तर नुसतं वय म्हणून सोडून देणं मला पटत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणंही त्या चित्राशी जुळतात. ओपीडीत घरचे येतात ते 'नानाले काही याद ऱ्हात नही' असंच म्हणत येतात. खोदून विचारलं की कळतं, आठवण तशी बरीच शाबूत आहे. थोडा इशारा दिला की नाव आठवतं. बिघडलेलं असतं ते वेगळंच: विचाराचा वेग, दोन कामं एकत्र करणं, निर्णय घेणं, पावलाची लांबी, लघवीची घाई, आणि कशातच रस न वाटणं. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराची चाल अशी असते. अल्झायमरमध्ये सुरुवात बहुधा नव्या आठवणी न टिकण्यापासून होते. म्हातारपणी दोन्ही एकत्र असणंही काही दुर्मीळ नाही, त्यामुळे एका भेटीत शिक्का मारून मोकळं होऊ नये.

आता त्या पेशी. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. तो नुसता अस्तर नाही. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून तो नळी सैल ठेवतो, गुठळी होऊ देत नाही, आणि मेंदूत तर रक्तातलं काय आत जाऊ द्यायचं याचा पहाराही तोच देतो. बीपी, साखर, तंबाखू यांचा पहिला मार या थरावर बसतो. पूर्वी समज असा होता की मोठ्या माणसात हा थर फाटला की आजूबाजूच्या पेशी सरकून, वाढून तो भरतात, एवढंच. १९९७ मध्ये बोस्टनमध्ये ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इस्नर यांच्या गटाने माणसाच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्या योग्य वातावरणात एंडोथेलियमसारख्या होतात. अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडाच्या आतल्या गरातून, दुरुस्तीची माणसं रक्तात उतरतात आणि जखमेच्या जागी जाऊन बसतात, असं चित्र उभं राहिलं. जगभर उत्साह उसळला.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र जरा गुंतागुंतीचं झालं, आणि क्लिनिकवाले नेमका हाच भाग सांगत नाहीत. रक्तात सापडणाऱ्या या पेशींपैकी बहुतेक स्वतः रक्तवाहिनीची भिंत होतच नाहीत. त्या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातल्या असतात; जखमेच्या जागी जातात, तिथे वाढीचे रासायनिक निरोप सोडतात, आणि तिथल्याच पेशींना कामाला लावतात. खरोखर नवी नळी विणू शकणाऱ्या पेशी वेगळ्या आणि फारच थोड्या. म्हणजे ज्यांना आपण गवंडी समजत होतो ते बहुतांशी मुकादम निघाले.

पण मुकादमही कामाचाच असतो. या पेशींची संख्या आणि ताकद वयाबरोबर घटते. मधुमेहात तर दुहेरी नुकसान होतं: रक्तातल्या पेशी दुबळ्या होतात आणि अस्थिमज्जेतून त्या सुटतही नाहीत, कारण त्या सुटायला जे नायट्रिक ऑक्साइड लागतं तेच कमी पडतं. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे धोके जास्त, त्यांच्या रक्तातल्या या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर कमी वसाहती, म्हणजे पुंजके, तयार करतात. २००५ मध्ये त्याच नियतकालिकात ५१९ हृदयरुग्णांचा अभ्यास आला. सुरुवातीला पेशी कमी असणाऱ्यांमध्ये पुढे हृदयाच्या घटना आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू जास्त झाले. मेंदूबाबत २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मेंदूत जुने इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेले भाग) असलेल्यांच्या रक्तात सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी कमी असतात, आणि ताज्या पक्षाघातानंतर त्या काही काळ वाढतात. म्हणजे शरीर हाक मारतं, आणि ज्याच्याकडे माणसं शिल्लक आहेत त्याच्याकडे ती धावून येतात. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासांत मात्र निष्कर्ष एका सुरात नाहीत, काहींत पेशी कमी दिसल्या, काहींत उलट.

माझं मत स्पष्ट आहे. या पेशींचा आकडा हा बऱ्याच अंशी झिजेचा आरसा आहे. पाच-पंचवीस वर्षं रोज भिंतीवर मार बसला की दुरुस्तीचं मनुष्यबळ संपत जातं. मार थांबवला तर उरलेली माणसं पुरतात. मार चालूच ठेवून बाहेरून माणसं आणली तर तीही थकतात.

हे माझं नुसतं अनुमान नाही. आपल्याच देशात याची परीक्षा झाली आहे. पक्षाघात झालेल्या १२० रुग्णांवर पाच केंद्रांत एक चाचणी झाली, दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद तिचे प्रमुख होते. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, निम्म्यांना नाही. २०१४ मध्ये निकाल छापून आला: इंजेक्शन सुरक्षित, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. क्लिनिकवाल्यांना विचारा, तुमची पद्धत याहून वेगळी कशी आणि त्याचा निकाल कुठे छापला? आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही विशिष्ट आजार सोडले तर स्टेम सेल, म्हणजे अशा मूळ पेशी, हा नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून 'पॅकेज' हा शब्द आला की तिथेच उठायचं.

तपासणी का नको, तेही सांगतो. रक्ताच्या एका थेंबात या पेशी बोटावर मोजण्याइतक्या. फ्लो सायटोमेट्री नावाच्या यंत्रावर त्या मोजता येतात, अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारी केंद्रं रोज मोजतात, पण त्यांचा हेतू वेगळा असतो. आदल्या दिवशी चालून आलात, ताप येऊन गेला, कुठे लागलं, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तरी आकडा हलतो. कोणत्या खुणा धरायच्या यावरही प्रयोगशाळांमध्ये एकमत नाही. आणि समजा आकडा कमी आलाच, तर मी नानांना जे सांगणार आहे त्यात एका अक्षराचाही बदल होणार नाही. ज्या तपासणीने उपचार बदलत नाही तिच्यावर पैसे घालू नयेत.

आता करायचं काय. सगळ्यात वर बीपी. हे मी इतक्या वेळा सांगतो की पेशंटला वाटतं डॉक्टरांकडे दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९,३६१ लोकांपैकी निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला, बाकीच्यांचं १४० च्या खाली. २०१९ मध्ये तिचा मेंदूविषयीचा भाग प्रसिद्ध झाला. कडक नियंत्रणाच्या गटात बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी आढळली आणि एमआरआयवरचे पांढरे ठिपकेही सावकाश वाढले. पूर्ण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नाही. आणखी एक, त्या चाचणीत मधुमेही घेतलेच नव्हते. म्हणून नानांसाठी मी १२० चा हट्ट धरणार नाही. १३० च्या आसपास, उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल तर, एवढं ध्येय पुरे.

पण आकडा खरा असायला हवा. दवाखान्यात जिना चढून आलं, रांगेत अर्धा तास उभं राहिलं, बाहेर चहा मारला आणि लगेच पट्टा बांधला तर तो आकडा बीपीचा नसून घाईचा असतो. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, पाच मिनिटं गप्प बसून. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर, वहीत लिहून ठेवा. घरचं सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर औषध अपुरं आहे. शिवाय एकदा झोपून आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने पडला तर ते लगेच डॉक्टरांना सांगा, कारण शुगरच्या जुन्या पेशंटमध्ये हे फार होतं, आणि रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर पांढरे ठिपके बाजूलाच राहतात.

आपल्या भागात याला उन्हाची जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बीपीच्या गोळीत अनेकदा लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. घाम, कमी जेवण आणि ही गोळी असं जमलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मग म्हातारा माणूस दोन-चार दिवसांत बावचळतो, असंबद्ध बोलतो, झोपून राहतो, आणि घरच्यांना वाटतं डोकं गेलं. हे वेडही नाही आणि पांढरे ठिपकेही नाहीत. रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतं आणि सुधारतं. म्हणून उन्हाळ्यात अचानक फरक पडला तर सोडियम आधी बघा. गोळी मनाने बंद मात्र करू नका, दाखवून बदला.

शुगरच्या बाबतीत माझा आग्रह उलट दिशेचा आहे. या वयात फार खाली आणू नका. बारीक आकड्याच्या मागे लागून शुगर वारंवार ५०-६० पर्यंत खाली येत असेल तर मेंदूचं नुकसान त्यानेच होतं. तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ७.५ च्या आसपास असली तरी मी समाधानी असतो. इतर आजार जास्त असतील तर ८ पर्यंतही. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन एकादशीला दिवसभर थोड्याशा भगरीवर राहणं, हा प्रकार मुक्ताईनगरच्या वारीच्या दिवसांत बघायला मिळतो. उपवास धरायचा असेल तर आदल्या दिवशी गोळीचं विचारून घ्या. नाना वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असतील आणि शाकाहारी असतील तर बी१२ तपासायलाच हवं. ते कमी असलं तरी चाल बिघडते आणि विसरभोळेपणा येतो. सोबत थायरॉइडही. या दोन्हींचा उपचार स्वस्त आहे आणि त्यांच्या तपासण्या त्या पेशी मोजण्यापेक्षा कितीतरी उपयोगाच्या.

तंबाखूचं थोडक्यात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते ते चौकात दिसतंच. पण घरातली मिशरी कुणी तंबाखू मानतच नाही. आजी-माय मंडळी सकाळी दात घासायच्या नावाने ती लावतात आणि विचारलं तर 'कोणतंच व्यसन नाही' म्हणतात. निकोटीन हिरडीतूनही रक्तातच जातं. विडी-सिगारेटबद्दल दिलासा असा की ती सोडल्यावर रक्तातल्या या दुरुस्तीच्या पेशी थोड्याच आठवड्यांत वाढतात, हे जपानच्या २००४ च्या अभ्यासात दिसलं आहे.

तसंच चालण्याचं. व्यायामाने या पेशी वाढतात हे जर्मनीत उंदरांमध्ये आणि माणसांमध्ये, दोन्हींत, २००४ मध्येच दाखवून झालं. लाखोंच्या पॅकेजमध्ये जे देतो म्हणतात ते पहाटेच्या रस्त्यावर फुकट मिळतं! नानांनी आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालावं, उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत. तोल जात असेल तर काठी, त्यात लाज कसली. फिनलंडच्या फिंगर चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम, आहार, बुद्धीचे सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा बौद्धिक चाचण्यांत थोडा पण खरा फरक पडला. यातलं एकेक करून बघू, असं करू नका.

जेवणात मीठ. भरीत-भाकरीशी माझं भांडण नाही, कळण्याची भाकरी तर उत्तमच. भांडण आहे शेव, पापड, बिबडे, लोणचं आणि ठेचा एकाच ताटात असण्याशी. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. केळी बीपीला चांगली, तिच्यात पोटॅशियम भरपूर. मात्र क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यापैकी बीपीचं औषध चालू असेल, तर घरची बाग आहे म्हणून रोज चार-पाच केळी खाऊ नयेत. पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठही याच कारणाने अशा पेशंटने टाळावं.

लोको शेडमध्ये आयुष्य गेलं म्हणता, तर कानही तपासून घ्या. ऐकू न आल्याने माणूस गप्प होतो आणि घरचे त्याला बुद्धीची घसरण समजतात. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत ज्यांना धोके जास्त होते अशा वृद्धांमध्ये श्रवणयंत्राने तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. सगळ्यांना धरून पाहिलं तर फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. नाना धोके जास्त असणाऱ्यांत मोडतात.

रक्त पातळ करायची गोळी: नानांना पक्षाघात किंवा हृदयाचा झटका येऊन गेला नसेल, तर नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नका. अ‍ॅस्प्री चाचणीत १९,११४ निरोगी वृद्धांमध्ये रोजच्या अ‍ॅस्पिरिनने स्मृतिभ्रंश टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन ही वेगळी गोष्ट आहे, मधुमेह असल्यामुळे ती बहुधा चालू असेलच. तिने विसरायला होतं म्हणून बंद करणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही.

एक तयारी आजच करून ठेवा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन, आणि थेट सीटी स्कॅन व गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात. त्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास. तुम्ही भुसावळला आहात म्हणून बरं, धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाचा निम्मा वेळ घाटातच जातो. कोणत्या दवाखान्यात ही सोय रात्रीही असते, हे आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. डोक्याला तेल चोळत, सकाळ होण्याची वाट बघत बसलेली कुटुंबं अजूनही येतात.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. फक्त जनुकामुळे होणारा बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आहे, कॅडासिल नावाचा, पण तो दुर्मीळ. घरात दोन-तीन जणांना चाळिशी-पन्नाशीत, बीपी नसताना पक्षाघात झाला असेल, सोबत अर्धशिशीचा इतिहास असेल, तरच मी त्या दिशेने जातो. तुम्ही सांगितलेल्या चित्रात तसं काही नाही. घराण्यात उतरतं ते बीपी आणि शुगर. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं मोजली त्यात ही दोन्ही आहेत, आणि त्यांचं काम पन्नाशीच्या आधीच सुरू होतं, तेव्हा काही दुखत नसतं. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. चाळिशी ओलांडली असेल तर नानांसाठी यंत्र आणाल तेव्हा तुमचंही बीपी आठवडाभर वहीत लिहा, आणि एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल एकदा करून घ्या. नानांना दाखवायला आणाल तेव्हा दोन्ही वह्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि एमआरआयची सीडी सोबत असू द्या. नुसता रिपोर्टचा कागद नको, मला चित्रं बघायची असतात.